गडदजाईचा कौल

सात वाजून बारा मिनिटं.
जोतिबाच्या डोंगरामागे उजेड अजून रेंगाळतोय
आणि पहिली पाकोळी गडदीतून बाहेर.
पेन्सिलीने लिहिते. मे महिना आहे,
शाई घामाने पसरते.

हातातलं यंत्र तडतडतं
लाह्या फुटाव्यात तसं.
हा त्यांचा आवाज नव्हे,
आपल्या कानाला झेपेल इतका खाली उतरवलेला
त्यांच्या आवाजाचा अनुवाद.
मूळ आवाज मी सोळा वर्षांत
एकदाही ऐकलेला नाही.
(प्रबंधात हे वाक्य नाही.)

जाळीत एक अडकते.
हातमोज्यातूनही तिचं काळीज बोटाला लागतं,
शिवणयंत्राच्या सुईसारखं.
अग्रबाहू एकावन्न मिलिमीटर.
वजन करायला कापडी पिशवी उघडते, तर
पोटाला चिकटलेलं, डोळे न उघडलेलं पिल्लू.
यल्लाप्पा गुरव बॅटरी खाली धरतो :
"वल्या बाळंतिणीला तागडीत घालायचं व्हय, बाई?"
वजनाचा रकाना रिकामा.
पुढच्या महिन्याची जाळीही मी खोडते.

गुहेच्या तळाशी त्यांच्या विष्ठेचा ढीग.
त्यातून चिमट्याने वेचले
हुमणीच्या भुंगेऱ्यांचे पंख,
तांदळातले खडे निवडावेत तसे, तीन पावसाळे.
इथून कासारीच्या काठापर्यंत जो ऊस दिसतो
त्याच्या मुळांची राखण रात्री कोण करतं
हे मी कारखान्याच्या सभेत सांगितलं होतं,
तक्त्यासकट.
चहा आला. तक्ता गुंडाळला.

मग तो आजार आला.
मोबाईलवर वाघळाचा फोटो फिरला, खाली लाल अक्षरं.
गावातली पोरं मिरच्यांचं पोतं आणि दोन टायर घेऊन
गडदीच्या तोंडाशी.
मी राजारामपुरीत.
दसरा चौकाच्या पुढे पोलीस सोडेनात.
फोनवर सरपंचांना सांगत राहिले,
ही ती जात नव्हे,
हिच्यापासून काही झाल्याचा पुरावा नाही.
"पुरावा न्हाई म्हंजे," सरपंच म्हणाले,
"असंल बी."

तेव्हा यल्लाप्पा वाटेत आडवा बसला.
देवीच्या दोन्ही खांद्यांना भिजवलेले तांदूळ लावले.
उजवीकडचा पडला तर धूर,
डावीकडचा पडला तर माघार.
पाऊण तास कुणी हललं नाही, म्हणे.
टायर कुणी पंक्चरवाल्याचे, परत गेले.
मिरच्या देवळातच राहिल्या
आणि पुढच्या भंडाऱ्याला आमटीत पडल्या.

माझ्या निबंधात तळटीप सतरा :
"स्थानिक श्रद्धेमुळे वसाहत टिकून राहिली."
परीक्षकाने समासात विचारलं,
नमुना-संख्या किती?
एक.
एक म्हातारा, गुडघे दुखणारा.

आज मोजणी संपली. सहाशे बारा.
त्याच्या मते "साडेसाशाच्या आत-भाईर,
गेल्या साली पोरं लई मेली."
कॅमेऱ्याने रात्रभर जागून जे सांगितलं असतं
ते तो पायरीवर बसून सांगतो
आणि वर विचारतो, डबा आणलाय न्हवं?

आज मात्र मी विचारलंच.
मामा, खरं सांगा,
तो तांदूळ आपोआप पडला?

त्याने विडी काढली.
गडदीपुढे ओढायची नसते म्हणून
परत खिशात ठेवली.
"तुमी त्यांचं बोलणं ऐकलंय व्हय कदी,
त्या पेटीबिगर?"
नाही.
"मग?"
थोडा वेळ गेला.
"माजी पेटी ती हुती."

यंत्र बंद केलं.
अंधार एकदम गप्प झाला,
म्हणजे मी बहिरी झाले.
डोक्यावरून काहीतरी गेलं,
केसांना न लागता.

नोंद : सात छप्पन्न. वारा नाही.
एक, उशिरा निघालेली.
डावीकडून.